चोरटी प्रत आणि तिकीटबारी : सव्वाशे वर्षांचा एक न मिटलेला वाद

१/
नवा चित्रपट शुक्रवारी झळकतो आणि शनिवारी त्याची चोरटी प्रत मोबाइलवर येते. निर्माता म्हणतो, कोट्यवधी बुडाले. फुकट पाहणारा म्हणतो, तसेही तिकीट कोण काढणार होते? हा वाद इंटरनेटच्या काळातला वाटतो. प्रत्यक्षात तो जवळजवळ चित्रपटाइतकाच जुना आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत दोन्ही पक्षांनी हीच वाक्ये पुन्हापुन्हा उच्चारली. इतिहासाने मात्र दोघांच्याही पदरात अर्धाच कौल टाकला आहे. (धागा)

२/
सप्टेंबर १९०२. पॅरिसचा जादूगार जॉर्ज मेलिएस याने चंद्रावरच्या सफरीचा चित्रपट आणला. चंद्राच्या डोळ्यात रुतलेले ते यान आजही सिनेमाच्या प्रत्येक इतिहासात भेटते. अमेरिकेत या चित्रपटावर गर्दी लोटली, पण त्या कमाईचा फार थोडा भाग मेलिएसपर्यंत पोहोचला. मूळ फीत मिळवायची, तिच्यावरून दुसरी छापायची आणि ती स्वतःचा माल म्हणून विकायची, हा तिथला उघड धंदा होता. फिलाडेल्फियाच्या सीगमंड लुबिनने याच चित्रपटाच्या प्रती ‘मंगळावरची सफर’ अशा नावाने विकल्या. थॉमस एडिसनची कंपनीही नकला विकण्यात मागे नव्हती.

३/
याच एडिसनने याच लुबिनला नक्कल केल्याबद्दल न्यायालयात खेचले. जर्मन सम्राटासाठी बांधलेल्या ‘मेटिओर’ या नौकेच्या जलावतरणाचे चित्रण लुबिनने उचलले होते. १९०३ मध्ये अपील न्यायालयाने एडिसनच्या बाजूने निकाल दिला. संपूर्ण फीत म्हणजे एकच छायाचित्र मानून तिला स्वामित्वहक्काचे संरक्षण मिळाले. दुसऱ्याची फीत छापणारे घर स्वतःची फीत छापली जाताच फिर्यादी झाले. पायरसीच्या इतिहासात चोर आणि सावकार अशी कायमची वाटणी क्वचितच सापडते.

४/
मेलिएसने उपाय केले. त्याचा भाऊ गॅस्टन १९०३ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन कंपनीची कचेरी थाटून बसला. ‘स्टार फिल्म’चा तारा नेपथ्यातच रंगवला जाऊ लागला, म्हणजे नक्कल केली तरी मालकाची खूण तिच्यासोबत जावी. पाथे कंपनीचा कोंबडाही असाच तिच्या चित्रपटांतल्या भिंतींवर दिसतो. आज चित्रपटगृहाकडे जाणाऱ्या प्रतींत अदृश्य खूण दडवलेली असते. तंत्र बदलले, कल्पना तीच राहिली.

५/
त्या काळी नकलेने होणारे नुकसान निर्विवाद होते, कारण फीत फुटाच्या भावाने विकली जाई. खेळ लावणारा ती विकत घेई आणि झिजेपर्यंत चालवी. फीत हाच माल. नकली फीत विकली गेली की बहुतेक वेळा खरी एक विक्री बुडे. १९०७ मध्ये पाथेने चित्रपट विकणे सोडून भाड्याने देण्याचे धोरण स्वीकारले, आणि हळूहळू सगळ्या जगात तीच रीत रुळली.

६/
मेलिएस पुढे बुडाला आणि १९२३ मध्ये त्याने हताश होऊन स्वतःच्या मूळ फिती जाळल्या. मात्र त्याचे सारे खापर नकलाकारांवर फोडता येत नाही. भाडेपद्धती त्याच्या छोट्या कारखान्याला पेलली नाही, मोठ्या कंपन्यांशी स्पर्धा झेपली नाही आणि प्रेक्षकांची रुची त्याच्या शैलीला मागे टाकून गेली. चोरी खरी, तिचा घाव खरा; पण मृत्यूचे कारण एकटी चोरी नव्हे. हा नमुना पुढे अनेकदा दिसतो.

७/
भाडेपद्धतीनंतर एक मूलभूत बदल झाला. तिकीटबारीवर आता फीत विकली जात नाही, विकली जाते ती अंधारातली एक खुर्ची, ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी. म्हणून प्रश्नही बदलतो. चोरटी प्रत पाहणारा माणूस एरवी त्या खुर्चीत बसला असता का? ‘होय’ असेल तर नुकसान पूर्ण. ‘नाही’ असेल तर तिकीटबारीचे नुकसान शून्य. पुढचा सगळा वाद या एका ‘असता’भोवती फिरतो.

८/
१९७५ मध्ये सोनीचा बेटामॅक्स आला आणि पुढच्याच वर्षी युनिव्हर्सल आणि डिस्नी या कंपन्यांनी खटला भरला. १९८२ मध्ये हॉलीवूडच्या संघटनेचे प्रमुख जॅक व्हॅलेंटी यांनी अमेरिकी काँग्रेससमोर या यंत्राची तुलना एकट्या स्त्रीच्या घरात शिरणाऱ्या बॉस्टनच्या कुप्रसिद्ध गळेदाब्या खुन्याशी केली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सोनीला निर्दोष ठरवले.

९/
पुढच्या काही वर्षांतच हॉलीवूडला घरगुती कॅसेटमधून मिळणारे उत्पन्न चित्रपटगृहांच्या उत्पन्नाहून मोठे झाले. ही गोष्ट सांगून अनेक जण निष्कर्ष काढतात की पायरसीची ओरड नेहमीच पोकळ असते. तो निष्कर्ष घाईचा आहे. पैसा आला तो कायदेशीर कॅसेटमधून. उद्योगाने स्वतः ती कॅसेट बाजारात आणली, दर उतरवले, गल्लोगल्ली दुकाने उभी राहिली, तेव्हा आला. यंत्र निर्दोष होते एवढेच यातून सिद्ध होते. चोरी निरुपद्रवी होती, हे सिद्ध होत नाही.

१०/
भारतात मात्र नेमके हेच घडले नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली आणि व्हीसीआरची आयात सैल झाली. पाहता पाहता व्हिडिओ पार्लर, व्हिडिओ लायब्ररी आणि लांब पल्ल्याच्या ‘व्हिडिओ कोच’ सुरू झाल्या. व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन चित्रपट पाहण्याची चाल गावोगावी पडली. नव्या चित्रपटाची कायदेशीर कॅसेट वेळेत मिळणे दुर्मीळ, म्हणून बाजार जवळजवळ पूर्णपणे चोरट्या प्रतींच्या हाती गेला.

११/
सरकारने १९८४ मध्ये स्वामित्वहक्क कायदा दुरुस्त केला. किमान ६ महिने ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड, अशी शिक्षा ठरली. तरीही १९८६ मध्ये मुंबईच्या चित्रपट उद्योगाने संप पुकारला, तेव्हा व्हिडिओ पायरसी आणि करांचा बोजा ही दोन्ही गाऱ्हाणी त्यात होती. ही जोडी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तिकिटाच्या रकमेतला मोठा वाटा करमणूक कर म्हणून राज्य घेत होते, म्हणजे प्रेक्षकाच्या दृष्टीने तिकीट महाग आणि निर्मात्याच्या दृष्टीने उत्पन्न तुटपुंजे.

१२/
त्याच दशकात चित्रपटगृहेही खंगत होती. फाटक्या खुर्च्या, घुसमटलेली हवा, बिघडलेला आवाज. दुसरीकडे ‘हम लोग’ने १९८४ मध्ये आणि ‘रामायण’ने १९८७ मध्ये कुटुंबेच्या कुटुंबे घरातल्या पडद्यासमोर बसवली. मध्यमवर्ग चित्रपटगृहापासून दुरावला तो या सगळ्यामुळे. व्हीसीआरने त्याला घरी थांबण्याची सोय दिली. घरी थांबण्याचे कारण चित्रपटगृहांनीच पुरवले होते.

१३/
याचा पुरावा ५ ऑगस्ट १९९४ रोजी मिळाला. राजश्रीने ‘हम आपके हैं कौन..!’ आधी मोजक्याच चित्रपटगृहांत लावला, त्या चित्रपटगृहांच्या सुधारणेकडे लक्ष दिले आणि कॅसेटचे हक्क रोखून धरले. तिकिटे महाग होती, केबलवाले आणि कॅसेटवाले जागेवरच होते, तरीही कुटुंबे रांगा लावून परतली आणि उत्पन्नाचे सारे विक्रम मोडले. यातून दोन धडे निघतात. चांगली खुर्ची पायरसीशी स्पर्धा करू शकते, हा पहिला. दुसरा कमी सांगितला जातो : उत्तम प्रत बाजारात उशिरा पोहोचेल याचीही काळजी राजश्रीने घेतली होती. वेळेचे मोल त्यांना कळले होते.

१४/
सीमेपलीकडचे उदाहरण याहून बोलके आहे. १९६५ च्या युद्धानंतर पाकिस्तानात भारतीय चित्रपटांवर बंदी आली. व्हीसीआर येताच तेच चित्रपट चोरट्या कॅसेटवर कराची-लाहोरच्या घराघरांत पोहोचले. मुंबईच्या निर्मात्याचे तिथल्या तिकीटबारीवर काय बुडाले? काहीच नाही, कारण तिथे त्याची तिकीटबारीच नव्हती. बुडाला तो लाहोरचा निर्माता. त्याच्या चित्रपटाला आता फुकट अमिताभशी झुंजावे लागत होते. झिया राजवटीची सेन्सॉरशिप आणि कर यांनी उरलेले काम केले. ज्याची चोरी झाली तो एक आणि ज्याचे नुकसान झाले तो दुसराच!

१५/
२००८ च्या सुमारास ती बंदी सैल झाली आणि पाकिस्तानात नवी मल्टिप्लेक्स उभी राहू लागली. ज्या चित्रपटांच्या चोरट्या प्रती वर्षानुवर्षे घरोघर फिरत होत्या, तशाच नव्या चित्रपटांसाठी लोक तिकीट काढून आले. फुकटची सवय लागलेला प्रेक्षक कायमचा हातचा जातो, या समजुतीला हा छेद आहे. प्रेक्षक चोरीला चिकटलेला नसतो. वाट मोकळी नसेल तेव्हा तो आडवाटेने जातो.

१६/
आता आकड्यांकडे. २००५ मध्ये अमेरिकी चित्रपट संघटनेने करवलेल्या अभ्यासावरून सांगितले गेले की देशांतर्गत पायरसीच्या तोट्यापैकी ४४ टक्के वाटा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा आहे. त्या आकड्याच्या जोरावर विद्यापीठांवर कडक कायदे लादण्याची मागणी झाली. जानेवारी २००८ मध्ये संघटनेनेच कबूल केले की आकडेमोडीत चूक झाली. खरा आकडा सुमारे १५ टक्के. इतिहासाच्या अभ्यासकाने यातून एवढे घ्यावे : तोट्याचा आकडा हाही एक दस्तऐवज असतो, आणि तो कोणी, कोणत्या हेतूने तयार केला हे आधी विचारावे लागते.

१७/
मोजणी अवघड का? कारण लोकप्रिय चित्रपटच सर्वाधिक चोरला जातो. नुसता तक्ता मांडला तर ज्याची चोरी जास्त त्याची कमाईही जास्त, असे दिसते. त्यावरून ‘चोरीने कमाई वाढते’ म्हणणे म्हणजे छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडला, असे म्हणण्यासारखे आहे. म्हणून अर्थशास्त्रज्ञ अशा घटना शोधतात, जिथे चित्रपट तोच राहतो आणि चोरीची संधी तेवढी बदलते.

१८/
राफाएल रॉब आणि जोएल वाल्डफोगेल यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांकडून माहिती घेतली. चित्रपट पहिल्यांदाच फुकट पाहिला गेला, तर सरासरी जवळजवळ एक पैसे देऊन पाहणे कमी होत होते. हा घाव मोठा आहे. पण फुकट पाहण्याचे प्रमाणच एकूण पाहण्याच्या ५.२ टक्के होते, म्हणून पैसे देऊन पाहण्यातली एकूण घट ३.५ टक्के निघाली. घट खरी होती, पण उद्योग कोसळावा एवढी नव्हती.

१९/
ब्रेट डॅनाहर आणि वाल्डफोगेल यांनी २०१२ मध्ये दुसरा प्रश्न विचारला. बिटटोरंट आल्यावर कोणत्या देशांत कमाई घटली? ज्या देशांत अमेरिकेनंतर बऱ्याच उशिरा चित्रपट लागत, तिथे. परदेशी तिकीटबारीवरील घट किमान ७ टक्के होती. खुद्द अमेरिकेत, जिथे चित्रपट आधी लागे, तशी घट आढळली नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१४ मध्ये दाखवले की प्रदर्शनापूर्वी फुटलेल्या चित्रपटाची कमाई प्रदर्शनानंतर फुटलेल्यापेक्षा सरासरी १९ टक्क्यांनी कमी राहते. निर्णायक ठरते ते प्रत कधी फुटली हे.

२०/
नुकसान सर्वांचे सारखेही नसते. जानेवारी २०१२ मध्ये ‘मेगाअपलोड’ बंद पडले. युरोपीय अभ्यासकांनी तपासले तेव्हा त्याचा फायदा मुख्यतः शेकडो पडद्यांवर लागणाऱ्या बड्या चित्रपटांनाच झालेला दिसला. उलट अनेक लहान चित्रपटांची कमाई घसरली, बहुधा चोरून पाहणाऱ्यांची तोंडी प्रसिद्धी थांबल्यामुळे. युरोपीय आयोगासाठी २०१५ मध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासातही एकूण पायरसीने विक्री घटल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. अपवाद एकच : नवे, गाजलेले चित्रपट. तिथे दर १० बेकायदा पाहण्यांमागे ४ कायदेशीर पाहणी बुडत होती. हा अहवाल २०१७ पर्यंत जनतेसमोर आला नाही, हेही नोंदवून ठेवण्यासारखे.

२१/
एकेकट्या चित्रपटांची उदाहरणे मात्र दोन्ही बाजूंना हवी तशी सापडतात. २०१३ मध्ये तेलुगू ‘अत्तारिंटिकी दारेदी’चा मोठा भाग प्रदर्शनापूर्वीच फुटला, निर्मात्यांनी घाईने तारीख अलीकडे आणली आणि चित्रपट प्रचंड चालला. २०१४ मध्ये ‘द एक्स्पेंडेबल्स ३’ तीन आठवडे आधी फुटला आणि अमेरिकेत सुमारे ३.९ कोटी डॉलरवर थांबला; पहिल्या भागाने तिथे १० कोटींचा टप्पा ओलांडला होता. पहिला चाहत्यांच्या निष्ठेने तरला की दुसरा रटाळपणाने बुडाला, हे एका उदाहरणावरून कधीच ठरत नाही. किस्सा म्हणजे पुरावा नव्हे.

२२/
महाराष्ट्रात या वादाला आणखी एक बाजू आहे. फितीच्या काळात प्रतींची संख्या मोजकी असे. मुंबई-पुण्यात चाललेला चित्रपट तालुक्याच्या गावी पोहोचे तो आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, ओरखडे पडलेल्या फितीवर. तेवढ्या अवकाशात कॅसेट आणि केबल येऊन जात. उपग्रहाद्वारे चित्रपट पाठवण्याची सोय झाल्यावर हे अंतर मिटले. त्याच काळात एकपडदा चित्रपटगृहे मात्र बंद पडत गेली. आज अनेक तालुक्यांत चालू चित्रपटगृहच नाही. तिथल्या प्रेक्षकाने मोबाइलवर चित्रपट पाहिला तर कोणत्या खुर्चीचे नुकसान झाले?

२३/
‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी लागला. त्याच्या चोरट्या प्रती लवकरच फिरू लागल्या आणि तरीही तो मराठीतला सर्वाधिक कमाईचा चित्रपट ठरला. हे उदाहरण देऊन पायरसीचे समर्थन करणारे एक गोष्ट विसरतात. ‘सैराट’ला आठवडेच्या आठवडे खेळ मिळत राहिले. प्रत पाहून भारावलेल्या माणसाला मित्रांना घेऊन जायला चित्रपटगृह शिल्लक होते. बहुतेक मराठी चित्रपटांच्या वाट्याला एक आठवडा येतो, तोही आडवेळेच्या खेळांचा. सोमवारपर्यंत गर्दी जमली नाही तर खेळ कमी होतात आणि पुढच्या शुक्रवारी चित्रपट उतरतो.

२४/
तोंडी प्रसिद्धीचे तिकिटात रूपांतर व्हायचे तर पुढच्या आठवड्यात खेळ उरला पाहिजे. लहान चित्रपटाला चोरीने प्रसिद्धी मिळते हे परदेशी निष्कर्ष म्हणून खरे असले, तरी जिथे पडदाच सात दिवसांत हातचा जातो तिथे ती प्रसिद्धी रिकाम्या खुर्च्यांपर्यंत पोहोचतच नाही. पहिल्या चार दिवसांत फिरलेली एक स्वच्छ प्रत बड्या हिंदी चित्रपटाच्या गल्ल्याला ओरखडा काढील. छोट्या मराठी चित्रपटाचा मात्र तीच प्रत दुसरा आठवडा हिरावून घेऊ शकते. आणि टाहो फोडण्याची ऐपत बहुधा पहिल्याकडेच असते.

२५/
२०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने चोरट्या चित्रीकरणासाठी ३ महिने ते ३ वर्षे कारावास आणि ३ लाखांपासून निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड ठरवला. प्रदर्शनापूर्वीची आणि पहिल्या आठवड्यातली गळती रोखायला असा कायदा हवाच. खरा घाव तिथेच बसतो. पण १९८४ च्या कायद्याचा अनुभव सांगतो की शिक्षेने पडदा उभा राहत नाही. तालुक्याला परवडणारे छोटे चित्रपटगृह, मराठी चित्रपटाला सोयीच्या वेळचा खेळ आणि चित्रपट उतरल्यावर स्वस्तात, लवकर मिळणारी कायदेशीर प्रत, या तीन गोष्टी जितक्या चोऱ्या थांबवतील तितक्या तुरुंग थांबवणार नाहीत.

२६/
तेव्हा पायरसीने तिकीटबारीचे नुकसान होते का? होते. प्रत आधी फुटली तर जास्त, उशिरा फुटली तर कमी, आणि जिथे तिकीटबारीच नाही तिथे जवळजवळ नाही. प्रत्येक चोरटी प्रत म्हणजे एक बुडालेले तिकीट, हा निर्मात्यांचा हिशेब १९०२ मध्ये बराचसा खरा होता. आज तो खोटा आहे. ‘तसेही कोण जाणार होते’ हा फुकट पाहणाऱ्याचा बचाव चित्रपटगृह नसलेल्या गावात खरा आहे. चित्रपटगृहापासून दहा मिनिटांवर राहणाऱ्याने शुक्रवारी रात्री तो करणे ही आत्मवंचना आहे.

२७/
दुसऱ्या आठवड्याला मुकलेल्या चित्रपटाची नोंद कुठल्याच तोट्याच्या अहवालात होत नाही. तो कोणी कसा बुडवला, हेही कोणी विचारत नाही. त्याच्या दिग्दर्शकाला पुढचा चित्रपट मिळत नाही, एवढेच घडते. ज्यांना मराठी चित्रपटाचा इतिहास वाचायला आवडतो, त्यांच्या हातात त्या इतिहासाचे पुढचे पान आहे. त्याची किंमत पहिल्या आठवड्यातले एक तिकीट, इतकीच. (समाप्त)